सहा पाकळ्यांचा स्क्रू: तळघरातल्या खोक्याच्या नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

दादा-वहिनी अमेरिकेतल्या एडिसन गावातलं मोठं घर विकून लहान घरात चाललेत. आज तळघर आवरायला गेलो होतो. पायऱ्यांखालून एक खोकं निघालं, त्यावर पुतण्याच्या शाळकरी अक्षरात त्याचं नाव. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं ते तुम्हीच बघा. ह्यांना विचारलं तर सगळंच कचऱ्यात जाईल."

आत होतं ते असं: एक सुपर निंटेंडो, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, त्याच्या गेमच्या सात कॅसेट, पुतणीचा हातात धरून खेळायचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि पुतण्या कॉलेजात असतानाचा पहिल्या पिढीचा एक्सबॉक्स. (कार्ट्रिजला वहिनी अजून कॅसेटच म्हणतात. पुण्यात आम्हीही तेच म्हणायचो, तेव्हा इथेही तोच शब्द चालेल.)

सुपर निंटेंडो दादाने १९९२च्या दिवाळीत घेतला. पुतण्या तेव्हा सात वर्षांचा होता. आज त्याचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि ते सिअ‍ॅटलला राहतात. यंत्र नीट करून त्यांना पाठवायचं, एवढं तिथेच ठरवलं.

गाडीत ठेवताना ते जरा कललं आणि आत काहीतरी खुळखुळलं. आवाज धातूचा वाटला. म्हणजे चालतं का हे बघायला प्लग लावायचाही प्रश्न नाही. धातूचा सुटा तुकडा बोर्डावर कुठे टेकलाय हे माहीत नसताना वीज सोडणं म्हणजे तीस वर्षं टिकलेली वस्तू एका क्षणात घालवणं. आधी उघडायचं, मग बाकीचं.

रविवार, ७ जानेवारी

यंत्र पालथं घातलं. तळाला सहा खोल भोकं, प्रत्येकाच्या बुडाशी एक स्क्रू. टॉर्च मारून बघितलं. नेहमीच्या स्क्रूच्या डोक्यात खाच असते, इथे खाचच नाही. डोकं म्हणजे वर आलेला छोटा खुंट, त्याच्या कडेने सहा पन्हळी कोरलेल्या, वरून सहा पाकळ्यांच्या फुलासारखा दिसणारा. याला पाना लागतो तो आतून पोकळ, टोपीसारखा डोक्यावर बसणारा. चपटा स्क्रू ड्रायव्हर घालायला जागाच नाही, आणि पक्कड त्या भोकात जात नाही.

या डोक्याला इथले लोक 'गेमबिट' म्हणतात. मापं दोन. कॅसेटना ३.८ मिलिमीटर, यंत्रांना ४.५. निंटेंडोच्याच पुढच्या यंत्रांना, निंटेंडो ६४ आणि गेमक्यूब यांनाही हाच ४.५ चालतो. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटना मात्र ४.५.

निंटेंडोने हे सुरुवातीपासून केलेलं नव्हतं. सुपर निंटेंडोच्या आधीचं यंत्र म्हणजे एनईएस. त्याच्या अमेरिकेत आलेल्या अगदी पहिल्या कॅसेटना साधे चपट्या खाचेचे पाच स्क्रू असत. घरातल्या कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरने त्या उघडायच्या. नंतरच्या कॅसेटना तीनच स्क्रू आले, तेही गेमबिटचे, आणि वरची कड प्लास्टिकच्या आकड्यांनी अडकवलेली. एनईएसचं मूळ यंत्र स्वतः मात्र फुलीच्या स्क्रूंनीच बंद केलेलं होतं. म्हणजे राखण आधी कॅसेटची झाली, यंत्राची पुढच्या पिढीत.

दोन्ही मापांचे बिट आणि एक लांब दांड्याचा ४.५चा ड्रायव्हर मागवला.

शनिवार, १३ जानेवारी

बिट आले, ड्रायव्हर अजून यायचाय. धीर धरवला नाही. ४.५चा बिट चुंबकी दांड्याला लावून भोकात घातला तर बिट आत जातो, दांडा तोंडाशीच अडतो. बिटाची शेपटी षट्कोनी, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पण तिला धरणारा दांडा त्याहून बराच जाड. डोक्याला टेकायच्या आधीच थांबला. विकत घेताना फक्त टोकाचं माप बघितलं, पूर्ण लांबीचं बघायला हवं होतं. कोणी हे काम करणार असेल तर एवढं लिहून ठेवा: भोकाची खोली आधी काडीने मोजा, मग हत्यार मागवा.

दुसरी गोष्ट धातूची. हे बिट हातात हलके लागले. कडेवर कानस हलकेच ओढली तर लगेच ओरखडा. असल्या मऊ मिश्रधातूचा बिट घट्ट स्क्रूवर फिरवला की आतल्या पाकळ्या गोल होतात, आणि जाताना त्या स्क्रूच्या पाकळ्याही घासून जातात. बाजूला ठेवून दिले. लांब ड्रायव्हर कठीण पोलादाचा आहे, त्याचीच वाट बघतो.

सोमवार, १५ जानेवारी

आज संक्रांत, आणि मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुटीही. सकाळी दादाकडे तिळगूळ, दुपारी गराज. लांब ड्रायव्हर आला.

वडील पिंपरीला कारखान्यात फिटर होते. त्यांचं एक वाक्य दादाला आणि मला पाठ आहे: "आधी बसव, मग फिरव." हत्यार डोक्यावर पूर्ण बसल्याशिवाय मनगट हलवायचं नाही. बसलं की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळतं. दाबून किंचित डावी-उजवीकडे डुलवलं की पाकळ्या जुळतात आणि हत्यार अर्धा-एक मिलिमीटर आणखी खाली उतरतं. तो उतार जाणवला की मगच.

पाच स्क्रू असेच निघाले. प्रत्येक सुरुवातीला कचकन सुटला, मग अलगद फिरला. हे स्क्रू धातूच्या नटात बसलेले नसतात. प्लास्टिकच्या पोकळ खांबात आपले आटे आपणच पाडून घेतात. म्हणून गंज आला तरी आटे सहसा जाम होत नाहीत. गंज त्रास देतो तो डोक्याला, कारण पन्हळींमध्ये पापुद्रा साचला की ड्रायव्हर तळापर्यंत उतरतच नाही. जुना दातांचा ब्रश आणि लाकडी काडी एवढ्यावर पाचही डोकी साफ झाली.

सहावा, मागचा डावीकडचा, मुळीच घेत नाही. ड्रायव्हर वरच तरंगतो. टॉर्च लावून भिंगातून बघितलं तर पन्हळींमध्ये गंज नाहीच. काहीतरी पारदर्शक, घट्ट, काचेसारखं भरलंय.

बराच वेळ बघत बसलो, मग ओळखलं. बॉलपेनचं प्लास्टिक आहे ते.

ही फार जुनी युक्ती. पेनची पारदर्शक नळी मेणबत्तीवर मऊ करायची, तशीच स्क्रूच्या डोक्यावर दाबून धरायची. निवली की नळीच्या टोकाला त्या डोक्याचा साचा तयार. स्क्रू सैल असेल तर या साच्याने खरोखर निघतो. घट्ट असेल तर साचा पिरगळतो आणि प्लास्टिक पन्हळींमध्येच राहतं.

रात्री पुतण्याला फोन केला. तो मराठी समजतो सगळं, बोलतो अर्धं. थोडा वेळ शांत राहिला, मग म्हणाला, "काका, ते मी केलं. बाबांना नको सांगू." बाराव्या वर्षी त्याच्या हातून कॅसेटच्या फटीतून आत एक नाणं पडलं. दादाला कळू नये म्हणून खोली बंद करून पेन जाळलं. ते मोडल्यावर दादाच्या पेटीतली टोकदार पक्कड आणली. तीही चालली नाही, तेव्हा यंत्र खोक्यात घालून पायऱ्यांखाली ठेवून दिलं आणि आई-बाबांना सांगितलं की आता मला खेळायचा कंटाळा आला.

सत्तावीस वर्षं हे त्याने मनात ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, तुझा हात चुकला नव्हता रे, हत्यारच चुकीचं होतं. बारा वर्षांच्या मुलाला बरोबर हत्यार विकत मिळू नये, अशाच बेताने ते डोकं घडवलेलं होतं. हे मी त्याच्या समाधानासाठी बोललो नाही, मला तसंच वाटतं.

शनिवार, २० जानेवारी

सहावा स्क्रू. सगळी दुपार यातच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पेनचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन. अ‍ॅसिटोनने ते सहज विरघळेल, पण यंत्राचं कवच एबीएस प्लास्टिकचं आहे आणि अ‍ॅसिटोन तेही खातं. एक थेंब ओघळला तर भोकाची भिंत चिकट होऊन बसेल. म्हणून द्राव बाद. गंज सोडवणारं तेलही टाळलं. अशा तेलांनी ताणाखालच्या एबीएसला बारीक तडे जाऊ शकतात, आणि इथे आटे जाम नाहीतच, मग तेल कशाला?

शिवणकामाची जाड सुई पकडीत धरून गरम केली. एकेका पन्हळीत टोचून, निवल्यावर उचकटायची. प्लास्टिक तुकड्या-तुकड्याने सुटलं. सहा पन्हळींना पाऊण तास लागला.

साफ झाल्यावर खरं नुकसान दिसलं. दोन पाकळ्या पकडीच्या टोकांनी पार गोल झालेल्या, तिसरी अर्धी. ड्रायव्हर आता तळापर्यंत उतरला, पण जोर दिला की सटकू लागला. दोनदा सटकल्यावर थांबलो. तिसऱ्यांदा केलं असतं तर उरलेल्या तीन पाकळ्याही गेल्या असत्या.

दोन मार्ग उरले. डोक्यावर खाच पाडायची, पण फिरती चकती त्या भोकात जात नाही. नाहीतर उलट्या पिळाचं ड्रिल. नेहमीचं ड्रिल सुलटं फिरून कापतं, म्हणजे स्क्रू आणखी आवळतं. उलट्या पिळाचं ड्रिल घड्याळाच्या विरुद्ध फिरून कापतं, आणि ज्या क्षणी त्याची धार धातूत रुतते त्या क्षणी ते स्क्रूलाच सोडवायच्या दिशेने ओढू लागतं. जी ताकद भोक पाडते तीच स्क्रू काढते. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

विजेचं ड्रिल वापरलं नाही. ३ मिलिमीटरचं उलटं ड्रिल हाताने फिरवायच्या चिमट्यात बसवलं, भोकाची भिंत खरवडू नये म्हणून त्याच्याभोवती कागदाची घट्ट नळी गुंडाळली. तळाशी लोहचुंबकाचा तुकडा चिकटपट्टीने बसवला, म्हणजे कीस तिकडे ओढला जाईल. मग दाबून, अगदी सावकाश, उलटं फिरवत राहिलो. बराच वेळ नुसती करकर. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. आणि मग एकदम प्रतिकार बदलला, ड्रिल कापेनासं झालं आणि स्क्रू त्याच्यासोबत फिरू लागला.

काढलेला स्क्रू काचेच्या बाटलीत ठेवलाय. कीस चुंबकाने आणि चिकटपट्टीने टिपला. पोलादाचा कीस बोर्डावर पडू देणं म्हणजे शंभर बारीक नाणी आत टाकणं.

कवच उचललं. पत्र्याच्या आवरणाच्या कडेला, बोर्डाच्या खाली अर्धं सरकलेलं, दहा सेंटचं नाणं.

रविवार, २१ जानेवारी

आतली साफसफाई. पत्र्याच्या आवरणाचे स्क्रू फुलीचेच आहेत, पण जपानी फुलीचे. ही बाब इथे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फिलिप्स या नेहमीच्या फुलीच्या टोकाचे उतार वेगळे, जेआयएस या जपानी मानकाचे वेगळे. दिसायला सारखेच. फिलिप्सचा ड्रायव्हर जपानी डोक्यात पूर्ण खोल बसत नाही आणि जोर लागला की वर उसळून कडा खातो. जुन्या जपानी यंत्रांचे स्क्रू घासले गेलेले दिसतात, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच. मी जेआयएसचा ड्रायव्हर ठेवतो, आणि तो बहुतेक फिलिप्स डोक्यांवरही नीट चालतो.

बोर्डावर नाण्याच्या कडेचा एक पुसट ओरखडा, पण तांब्याची एकही रेघ तुटलेली नाही. फ्यूज तपासला, ठीक. दहा व्होल्टचे पाच करणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या पाठची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नवी लावली. कॅसेटच्या खोबणीला ६२ टोकं असतात. बऱ्याच कॅसेट त्यातली मधलीच ४६ वापरतात, पण पुसली सगळी.

कवच न लावताच वीज जोडली. लाल दिवा लागला.

शनिवार, २७ जानेवारी

आज कॅसेट. ३.८चे दोन स्क्रू, खालच्या दोन कोपऱ्यांत. हे उथळ आहेत, छोट्या ड्रायव्हरने अडचण आली नाही.

सातातली एक सुपर मारियो वर्ल्ड, पुतण्याची सगळ्यात लाडकी. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवायला तिच्यात दोन किलोबाइटची मेमरी असते, आणि ती जिवंत ठेवायला सीआर२०३२ सेल. सेल मेला की नोंदी जातात. मोजला तर २.८ व्होल्ट. इतक्या वर्षांनीही! पण किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही, तेव्हा बदलायलाच हवा, आणि बदलताना क्षणभर जरी वीज तुटली तरी आतलं पुसलं जाणार.

म्हणून आधी कॅसेटची टोकं अल्कोहोलने पुसली, यूएसबी रीडरने नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या. एकदा नाही, तीनदा. तिन्ही फायली जुळवून बघितल्या, एकाही बाइटचा फरक नाही. मगच डाख काढला. सेलच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, म्हणून नवा सेलही पट्ट्यांसकट आणलेला घ्यावा. नुसत्या सेलवर थेट डाख देऊ नये, तापून तो फुटू शकतो. नवा बसवून नोंदी परत चढवल्या.

यंत्रात लावली. पहिल्या नोंदीसमोर ९६. या खेळात बाहेर पडायच्या वाटा ९६च आहेत. म्हणजे पोराने एकूण एक वाट शोधली होती.

शनिवार, ३ फेब्रुवारी

खोक्यातली बाकी दोन.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स: तीन पात्यांचे स्क्रू, ज्याला ट्राय-विंग म्हणतात. बारीक चपट्या ड्रायव्हरने दोन पाती पकडून फिरवता येतं असं सांगणारे भेटतात. फिरतं, पण पाती झिजतात. ट्राय-विंग घ्यावा, फार महाग नसतो. सेलच्या कप्प्यातला एक स्क्रू साधा फुलीचा. सेल गळून पत्र्यांवर हिरवट थर आला होता. तो अल्कलाइन असल्यामुळे पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने निघाला. अर्ध्या तासाचं काम.

एक्सबॉक्स: सहा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू, माप टी२०. एकही दिसत नाही. चार रबरी पायांखाली, दोन कागदी लेबलांखाली. लेबलवरून अंगठा दाबत गेलं की भोकाशी खड्डा लागतो. हेअर ड्रायरने गरम करून लेबलचा कोपरा उचलला. आत दोन्ही ड्राइव्ह टी१०वर.

हा उघडण्याची घाई वेगळ्या कारणाने होती. या यंत्रांच्या १.६च्या आधीच्या आवृत्त्यांत घड्याळ चालू ठेवणारा एक कपॅसिटर असतो आणि तो वर्षांनी गळतो. गळलेलं द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातं. हे यंत्र २००२चं. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी ओल होतीच, रेघा अजून शाबूत. काढून टाकला, जागा धुतली. त्याच्याशिवाय यंत्र व्यवस्थित चालतं, फक्त प्लग काढला की वेळ पुन्हा लावावी लागते. अजून काही वर्षं खोक्यात राहिलं असतं तर बोर्ड गेला असता.

लेबलांखाली स्क्रू लपवलेलं यंत्र तळघरात आपोआप मरत असतं, आणि मालकाला ते कळतही नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या दोन्ही राज्यांनी गेल्या वर्षी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, या जुलैपासून लागू होतील. दोन्हींतून गेमची यंत्रं वगळली आहेत. वाचून वाईट वाटलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

एक प्रश्न उरला. ड्रिल केलेल्या स्क्रूच्या जागी काय? बरेच जण या निमित्ताने सहाच्या सहा फुलीचे करून टाकतात, म्हणजे पुढच्याला त्रास नको. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही मी गेमबिटचाच मागवला. पाच मूळ स्क्रू निरोगी आहेत, ते काढून टाकायला हात होत नाही. आणि त्रास स्क्रूचा नव्हताच, घरात ड्रायव्हर नव्हता याचा होता. तेव्हा खोक्यात ४.५ आणि ३.८चे चांगले ड्रायव्हर ठेवतोय, यंत्राच्या शेजारीच, कापडात गुंडाळून. बाटलीतला मोडका स्क्रू आणि दहा सेंटचं नाणंही त्यात.

दादाला काही सांगितलेलं नाही. पुतण्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

शनिवार, १० फेब्रुवारी

स्क्रू आला. पाच आधीच लावून ठेवले होते. प्लास्टिकमध्ये जुने आटे असताना नवे पडू नयेत म्हणून स्क्रू आधी उलटा फिरवायचा, हलक्या हाताने, टक् करून खाली पडेपर्यंत. तिथे जुना आटा सापडतो. मग सुलटा, आणि हाताला अटकाव लागला की थांबायचं.

सहाव्याला दोन फेरे उलटे लागले. टक् झालं. मग सुलटा. घट्ट बसला.